गावात बचत गट सुरू करताय? पहिल्या सहा महिन्यांचा हिशोब

भाताची कापणी उरकली की आमच्या मुरबाड-शहापूर भागात दोन गोष्टी हमखास सुरू होतात. वीटभट्टीवाल्यांची माणसं उचल, म्हणजे मजुरीचे आगाऊ पैसे, वाटायला वाड्या-पाड्यांवर फिरू लागतात, आणि कुणीतरी वहिनी दारात येऊन विचारते, "ताई, आमच्या आळीत गट काढायचाय. कसं करायचं?" मी एका गटाचं दप्तर अकरा वर्षं लिहिते आहे. त्या काळात आजूबाजूच्या पाड्यांवर चार-पाच गट उभे राहताना पाहिले, दोन बसतानाही पाहिले.

वहिनीला खरं विचारायचं असतं ते "कर्ज कधी मिळेल?" त्यात लाजण्यासारखं काही नाही, गरज असते म्हणूनच ती आलेली असते. पण जे दोन गट बसले ते दोन्ही निव्वळ कर्जासाठी काढलेले होते. कर्ज हातात पडलं, बायकांनी वाटून घेतलं, आणि पुढच्या महिन्यापासून बैठकीला कुणी येईना. म्हणून इथे मी पहिल्या सहा महिन्यांबद्दलच जास्त लिहिणार आहे. बँकेचा विषय शेवटाकडे येईल.

आधी गोंधळ मिटवा : गट, भिशी आणि फायनान्स

आमच्याकडे तिन्हीला 'गट'च म्हणतात, आणि निम्मी भांडणं तिथूनच सुरू होतात.

भिशीत बाराजणी दरमहा हजार-हजार टाकतात. चिठ्ठी निघेल तिला बारा हजार मिळतात. बारा महिन्यांनी सगळ्यांना एकेकदा भिशी लागली की मामला संपला. सोपी आणि चांगली गोष्ट आहे, पण गरज आज आणि चिठ्ठी मार्चमध्ये, असं झालं तर भिशी काही करू शकत नाही. शिवाय मागे काही शिल्लक उरत नाही.

फायनान्स म्हणजे दर आठवड्याला किंवा पंधरवड्याला मोटारसायकलवरून हप्ता न्यायला येणारा माणूस. त्यातही पाच-दहा बायकांना एकत्र बसवतात, एकीने नाही भरलं तर बाकीच्यांकडे बघतात, म्हणून तो गट वाटतो. पण तिथे बचत नसते, आणि व्याज गावाबाहेर जातं. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमांनुसार असं विनातारण कर्ज वर्षाला ३ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबालाच 'मायक्रोफायनान्स' म्हणून देतात, आणि घरातल्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्याच्या वर जाता कामा नयेत. हा निम्म्याचा आकडा लक्षात ठेवा. गटात येणाऱ्या बाईच्या अंगावर असे दोन-तीन हप्ते आधीच असतील, तर ते पहिल्याच बैठकीत तिच्या तोंडून ऐकलेलं बरं.

बचत गटात पैसा आधी आपला असतो. आपण साठवतो, आपल्यातल्याच कुणाला देतो, ती व्याजासकट परत करते आणि ते व्याजही गटातच राहतं. बँक नंतर येते. १९९२ मध्ये नाबार्डने, म्हणजे शेती आणि ग्रामविकासाच्या राष्ट्रीय बँकेने, देशात ५०० गट बँकांना जोडून पाहण्याचा प्रयोग केला, तेव्हाही क्रम हाच होता : आधी बचत, मग आपसातली देवघेव, मग बँक. बांगलादेशातल्या ग्रामीण बँकेची गोष्ट सांगून कुणी भाषण ठोकलं तर कौतुकाने ऐका. पण तिथे बँक कर्ज देते आणि पाचजणी एकमेकींकडे लक्ष ठेवतात. आपला घाट वेगळा आहे.

गाव कुणाच्या हद्दीत आहे?

हा प्रश्न शहापूर किंवा मुरबाडच्या आतल्या गावात कुणी विचारणार नाही. कल्याण-शीळ पट्ट्यात किंवा नवी मुंबईला लागून राहणाऱ्यांनी मात्र आधी विचारावा. ग्रामपंचायत असेल तर गटांचं काम बघतं 'उमेद', म्हणजे महाराष्ट्र राज्य ग्रामीण जीवनोन्नती अभियान. ते राज्यात २०११ पासून आहे, आणि आपल्या कामासाठी त्याचं दार म्हणजे पंचायत समितीतला तालुका अभियान व्यवस्थापन कक्ष. (उमेदचं राज्याचं मुख्यालय बेलापूरला सिडको भवनात आहे. तिथे जायची आपल्याला गरज पडत नाही, पण एवढं जवळ असून निम्म्या बायकांना ते ठाऊक नसतं, म्हणून सांगितलं.) महापालिकेची हद्द असेल तर पालिकेच्या समाज विकास विभागात चौकशी करावी. १९७५ पासूनचं महिला आर्थिक विकास महामंडळ, म्हणजे माविम, गावातही काम करतं आणि शहरातही.

गावात बहुतेक ठिकाणी उमेदची समुदाय संसाधन व्यक्ती असते, आपण तिला सीआरपी ताई म्हणतो. ती आपल्यातलीच, शेजारच्या आळीतली बाई असते. गट काढायचं मनात आलं की पहिला निरोप तिला द्या. गावात आधीचे गट असतील तर त्यांचा ग्रामसंघ असतो, आणि आसपासच्या ग्रामसंघांचा मिळून प्रभागसंघ. नवा गट पुढे ग्रामसंघाला जोडला जातो. पहिल्या महिन्यात ही उतरंड पाठ करायची गरज नाही.

कुणाला घ्यायचं

दहा ते वीसजणी. बारा-तेरा हा मला सगळ्यात सोयीचा आकडा वाटतो : एका ओटीवर मावतात आणि एखादी आजारी पडली तरी बैठक होते. कातकरी वाडीवर, दुर्गम पाड्यावर किंवा अपंग महिलांचा गट असेल तर पाचजणींचाही चालतो. हे अनेकींना माहीत नसतं, आणि सात घरांच्या वाडीला "तुमच्यात दहा नाहीत" म्हणून परत पाठवलेलं मी ऐकलं आहे. असं कुणी म्हटलं तर तालुका कक्षात जाऊन विचारा.

एका घरातली एकच. सासू आणि सून दोघी आल्या तर घरातलं भांडण बैठकीत येतं आणि बैठकीतलं कर्ज घरात. एक बाई दोन गटांत नको. आणि परिस्थिती साधारण सारखी हवी. भेंडीचा दीड एकर मळा असलेली आणि मजुरीवर जाणारी एकत्र बसल्या तर हळूहळू एकीचं म्हणणं आज्ञेसारखं होतं. सरपंचाच्या घरची कुणी असलीच पाहिजे असं काही नाही. असली तर तिला पदाधिकारी करू नका, एवढंच सांगेन.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे अंतर. रात्री दिवा-बत्तीनंतर चालत येता येईल एवढ्यातल्याच बायका घ्या. वरच्या पाड्यावरची जिवाभावाची मैत्रीण असली तरी जुलैच्या पावसात ओढा ओलांडून ती बैठकीला येणार नाही. मग तिची बचत कुणाच्या तरी हातून यायला लागते, आणि बिघाडाला तिथूनच सुरुवात होते.

पहिली बैठक आणि नियम

पहिल्या बैठकीत पैसे गोळा करू नका. बसा, बोला, नियम ठरवा. नियम लिहिताना प्रत्येकीला एकदा तरी बोलतं करा. गप्प बसलेली बाई नंतर "मला कुणी विचारलंच नव्हतं" म्हणते, आणि ती खरंच बोलत असते.

बैठकीचा वार आणि वेळ आधी पक्की करा. आसनगाव, वासिंदहून लोकलने कामाला जाणाऱ्या किंवा भिवंडीकडच्या गोदामात पाळीवर जाणाऱ्या बायका गटात असतील तर दुपारची बैठक फक्त कागदावर होते. आमची रात्री साडेआठला असते, जेवणं उरकून. आठवड्याची बैठक उत्तम. महिन्याची ठेवली तर विसरायला तीन आठवडे मिळतात.

बचतीची रक्कम ठरवताना एकच कसोटी लावा : गटातल्या सगळ्यात अडचणीतल्या बाईला भादव्यात जमेल का? लावणीची मजुरी संपलेली असते, भात अजून कापायचं असतं, गणपती अंगावर येतात, अशा वेळी जे जमेल तीच आपली रक्कम. आमच्याकडे उत्साहात आठवड्याला ५० ठरले होते. दोन महिन्यांत चारजणी थकल्या. मग २५ वर आलो आणि तेव्हापासून कुणाचं थकलेलं नाही. पुढे वाढवता येतं, कमी करताना मात्र अपमान वाटतो.

उशिरा आल्यास दंड पाच रुपये, न सांगता गैरहजर राहिल्यास दहा. दंड लहान असावा, पण घ्यावाच, अध्यक्षाकडूनसुद्धा. आमच्या पहिल्या अध्यक्षाने स्वतःच्या हाताने पाच रुपये पेटीत टाकले त्या दिवसानंतर कुणी हुज्जत घातली नाही.

अध्यक्ष, सचिव, कोषाध्यक्ष अशी तीन पदं. लिहिता-वाचता येणारी सचिव हवी, अध्यक्ष नसली तरी चालते. दर दोन वर्षांनी बदल करायचा हे नियमातच लिहून ठेवा. नाहीतर पद हळूहळू आडनावासारखं चिकटतं.

गट सोडणाऱ्या बाईचं काय, मयत झालेल्या सभासदाच्या कर्जाचं काय, लग्न होऊन गेलेल्या मुलीचं काय, हे आत्ताच ठरवा. आमचा नियम असा : सोडणारीला तिची बचत पूर्ण परत, पण कर्ज वळतं करून, आणि व्याजातला वाटा फक्त पूर्ण वर्षांचा. दुसरा नियमही चालेल. पण वेळ आल्यावर माणूस समोर बसलेला असताना नियम करायला गेलात तर तो नियम राहत नाही, निवाडा होतो.

नावाबद्दल एक छोटी गोष्ट. सावित्री, जिजाऊ, रमाई, एकवीरा या नावांचे गट इतके आहेत की बँकेत पासबुकं अदलाबदल होतात. नाव वेगळं आणि लहान ठेवा. शिक्का, पासबुक, धनादेश, सगळीकडे ते मावायला हवं.

पैसा सगळ्यांसमोर मोजायचा

बैठकीचा क्रम ठरलेला असू द्या. गोल बसायचं, गाणं किंवा प्रार्थना, हजेरी, मागच्या बैठकीचं वाचन. मग बचत, मग कर्जाचे हप्ते, मग नवी मागणी, मग इतर विषय, आणि शेवटी सह्या-अंगठे. प्रत्येकीने आपले पैसे स्वतःच्या हाताने मधोमध ठेवायचे आणि रक्कम मोठ्याने सांगायची. कोषाध्यक्ष मोजते, सचिव लिहिते, तिसरी कुणीतरी पुन्हा मोजते. शेवटी पेटीत किती आहेत ते सगळ्यांनी एकदा ऐकायचं. पुढच्या बैठकीला सुरुवातीला विचारायचं, "मागच्या वेळी पेटीत किती होते?" आमच्याकडे एक आजी आहेत, त्यांना अक्षर येत नाही. त्यांचा आकडा आजवर चुकलेला नाही, माझा चुकला आहे.

पेटी एकीकडे, किल्ली दुसरीकडे. पेटीत फार रक्कम ठेवायचीच नाही. बाजाराच्या दिवशी दोघींनी मिळून बँकेत भरायची.

आता नवी भानगड आली आहे ती फोनची. "ताई, तुझ्या नंबरवर पंचवीस पाठवते, मला यायला जमत नाही." आमच्या तालुक्यातलं धसई २०१६ च्या नोटाबंदीत राज्यातलं पहिलं कॅशलेस गाव म्हणून गाजलं होतं, त्यामुळे फोनवरच्या पैशाशी आमचं वाकडं नाही. पण सचिवाच्या स्वतःच्या खात्यात आलेला गटाचा पैसा हा गटाचा राहत नाही. तिच्या खात्यातून त्याच रात्री कुठला तरी हप्ता कापला जातो आणि ती बिचारी चोर ठरते. पाठवायचेच असतील तर गटाच्या खात्यात पाठवा आणि पुढच्या बैठकीत पावती दाखवा.

दप्तर : माझी साडेसहाशेची चूक

इतिवृत्त वही, रोजकीर्द, बचत आणि कर्जाची खतावणी, पावती पुस्तक, आणि प्रत्येकीचं स्वतःचं पासबुक. उमेदकडून हा संच मिळतो. मिळेपर्यंत दोनशे पानी वह्या घ्या, थांबू नका. इतिवृत्तात काय झालं आणि काय ठरलं ते लिहायचं, ठरावाखाली सूचक आणि अनुमोदक यांची नावं. रोजकीर्दीत त्या दिवशी आलेला आणि गेलेला प्रत्येक रुपया. खतावणीत प्रत्येकीचं वेगळं पान. हल्ली सीआरपी ताई ही माहिती 'लोकोस' ॲपमध्येही भरते. वहीत आणि ॲपमध्ये तोच आकडा आहे ना, हे अधूनमधून तिच्या शेजारी बसून बघत जा.

पहिल्या वर्षी मी बैठकीत नुसता कच्चा कागद करायचे आणि घरी जाऊन वहीत सुवाच्य अक्षरात उतरवायचे. अक्षराची हौस होती. एकदा मुलाला ताप होता, दोन आठवड्यांचे कागद तसेच राहिले, एक हरवला. महिनाअखेरीला ताळा बसेना. ६४० रुपये कमी. कुणी माझ्यावर आरोप केला नाही, आणि तेच जास्त लागलं. बायका नुसत्या गप्प बसल्या. शेवटी सगळ्यांची पासबुकं मागवून एकेक नोंद लावली तेव्हा कळलं की एका कर्जाचा हप्ता मी दोनदा जमा लिहिला होता आणि दोघींची एका आठवड्याची बचत आलीच नव्हती. पैसे गेले नव्हतेच, लिहिण्यात गोंधळ होता. तेव्हापासून वही बैठकीतच लिहिली जाते, खाडाखोड झाली तरी चालेल. चुकलं तर आडवी रेघ मारून शेजारी बरोबर लिहायचं आणि सही करायची. व्हाइटनर गटाच्या वहीला लावायचा नाही.

पासबुक सभासदाकडे असावं, सचिवाच्या कपाटात नव्हे. त्या दिवशी मला पासबुकांनीच वाचवलं.

बँकेत खातं

महिना-दोन महिन्यांत खातं उघडा. लागतं ते असं : खातं उघडण्याचा आणि सह्यांच्या अधिकाराचा ठराव, नियमावली, तिन्ही पदाधिकाऱ्यांचे आधार, पॅन आणि फोटो, गटाचा शिक्का, आणि उमेद किंवा माविमचं पत्र असेल तर ते. व्यवहार तिघींपैकी दोघींच्या सहीने, हे ठरावातच लिहा.

एका शाखेने आम्हाला बाराही जणींची कागदपत्रं आणायला सांगून चार खेपा घालायला लावल्या होत्या. रिझर्व्ह बँकेचा नियम सरळ आहे : गटाचं बचत खातं उघडताना फक्त पदाधिकाऱ्यांची ओळख तपासली तरी पुरते, बाकीच्यांची कागदपत्रं कर्ज जोडणीच्या वेळी बघता येतात. हे काउंटरवर भांडून सांगण्यापेक्षा तालुका कक्षातल्या माणसाला सोबत घेऊन मॅनेजर साहेबांना शांतपणे सांगितलं की काम होतं. शाखा निवडताना नाव मोठं आहे की लहान ते बघू नका, आपल्या बाजाराच्या वाटेवर आहे का ते बघा.

पहिलं आपसातलं कर्ज

बाराजणी, आठवड्याला २५ रुपये, म्हणजे आठवड्याला ३००. दहा आठवड्यांत ३,००० झाले. आता हे कुणाला तरी द्यायची वेळ आली. पैसा नुसता बँकेत पडून असेल तर ती गुल्लक झाली.

आमच्याकडे शेकडा दोन चालतं, म्हणजे महिन्याला दोन टक्के. ऐकायला जास्त वाटेल, पण ते व्याज आपल्याच पेटीत येतं. मात्र व्याज उरलेल्या मुद्दलावर धरा. ३,००० रुपये सहा महिन्यांसाठी दिले, दरमहा मुद्दलाचे ५०० परत, तर व्याज होतं ६०, ५०, ४०, ३०, २०, १०, एकूण २१०. काही गट "सोपं पडतं" म्हणून दरमहा मूळ रकमेवर ६० घेतात, ते होतात ३६०. दीडशे रुपयांचा फरक, आणि तो गरजू बाईच्या खिशातून जातो. तेच तीन हजार गावातल्या एखाद्याकडून शेकडा दहाने उचलले तर याच हिशोबाने १,०५० व्याज होतं. महाराष्ट्रात २०१४ च्या कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय सावकारी करता येत नाही. पण रात्री दहा वाजता पोर तापाने फणफणलेलं असताना कायदा कुणाला आठवतो? गटाचे पैसे त्या रात्री उपयोगी पडायला हवेत, म्हणून पेटीत पाचशे-हजार आजारपणासाठी वेगळे ठेवायचा ठराव आम्ही केला आहे. दोन पदाधिकारी मिळून देतात, पुढच्या बैठकीत सगळ्यांना सांगतात.

मागण्या नेहमी पैशापेक्षा जास्त असतात. जूनमध्ये वह्या-पुस्तकं आणि भाताचं बियाणं एकदमच येतं. क्रम कसा लावायचा? आजारपण आणि बाळंतपण पहिलं, त्यावर चर्चा नाही. मग ज्यातून पैसा परत यायचा आहे ते : बियाणं, शेळी, भाजीची टोपली. मग शाळा. लग्न आणि घराचे पत्रे शेवटी. हा आमचा क्रम, तुमचा वेगळा असेल. पण मागणारीने कारण सगळ्यांसमोर सांगायचं आणि तेच इतिवृत्तात लिहायचं. पदाधिकाऱ्यांनी पहिलं कर्ज स्वतः घेऊ नये, गरज असली तरी.

हप्ता थकला तर पहिल्या वेळी घरी जाऊन विचारा, आणि एकट्याने नव्हे, दोघी-तिघींनी. बहुतेकदा कारण खरंच असतं. मुदत वाढवायची असेल तर ठराव करून वाढवा. लपवाछपवी झाली की दुसरी थकवते.

सहा महिन्यांनंतर बँक

नियमित बैठक, नियमित बचत, नियमित अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड आणि नियमित लेखे, ही ती पंचसूत्री. भिंतीवर रंगवलेली दिसते. गटाची प्रतवारी याच पाचांवर होते. तीन महिने ती नीट पाळली की उमेदचा फिरता निधी मागता येतो. तो पूर्वी १५ हजार होता, २०२३ मध्ये राज्य सरकारने ३० हजार केला. हा पैसा वाटून टाकायचा नसतो, तो गटाच्या भांडवलात घालून फिरवायचा असतो. नावातच सांगितलंय.

सहा महिने वहीत सलग काम दिसलं की बँकेचं कर्ज. नियमाप्रमाणे पहिली रक्कम गटाच्या निधीच्या सहापट किंवा किमान दीड लाख, यातली जास्त असेल ती. आपल्या बाराजणींचे सव्वीस आठवड्यांचे ७,८०० आणि थोडं व्याज, दंड. त्याची सहापट पन्नास हजारांच्या आसपासच जाते, म्हणून दीड लाखाचा आकडा आपल्या कामाचा. १० लाखांपर्यंत तारण मागायचं नाही. महिला गटाला ३ लाखांपर्यंतचं कर्ज ७ टक्के वार्षिक व्याजाने. परतफेड २४ ते ३६ महिन्यांत. तीस महिने धरले तर महिन्याला पाच हजार मुद्दल आणि सुरुवातीला सुमारे पावणेनऊशे व्याज, हे फॉर्मवर सही करण्याआधी बैठकीत मोठ्याने वाचा. गटातल्या एखादीचं स्वतःचं जुनं कर्ज थकलेलं असलं तरी तेवढ्यावरून गटाचं कर्ज साधारणपणे अडवू नये, असं रिझर्व्ह बँकेच्या सूचनेत आहे. शाखेत अडलं तर हे वाक्य आठवा.

आणि इथेच गट बसतात. दीड लाख भागिले बारा, प्रत्येकीला साडेबारा हजार, सम-सम वाटप. सगळ्यांना न्याय झाल्यासारखा वाटतो. प्रत्यक्षात जिला गरज नव्हती ती टीव्ही घेते, जिला तीस हजारांत दोन म्हशींचा गोठा करायचा होता तिचं काहीच होत नाही, आणि हप्ता मात्र बाराहीजणींवर. आधी प्रत्येकीने काय करणार, किती लागतील, कुठे विकणार हे सांगायचं. आमच्यातल्या दोघींनी एकत्र येऊन शेवळं, कंटोळी, भारंगी अशा पावसाळी भाज्यांच्या जुड्या ठाण्याला न्यायला सुरुवात केली. त्यांना फक्त सहा हजार लागले होते. चौघींनी पहिल्या वेळी काहीच घेतलं नाही, आणि तेही बरोबर होतं.

बँकेकडून ७ टक्क्यांनी आलेला पैसा सभासदांना शेकडा एकने द्या, म्हणजे वर्षाला बारा. मधला फरक गटाचा.

भट्टीवर गेलेल्या बायका

हे कुठल्याच प्रशिक्षणात नीट सांगत नाहीत, आणि कातकरी वाड्यांवरचे गट तुटतात ते बहुतेक इथे. दिवाळीनंतर कातकरी वाड्या रिकाम्या होतात. अर्ध्या बायका भट्टीवर, पाऊस तोंडावर आला की परत. सहा महिने बैठक नाही, बचत नाही, वही बंद. प्रतवारीत असा गट नापास होतो. मग साहेब म्हणतात, या लोकांना गट जमत नाही.

तीन वाटा आम्ही पाहिल्या. एक : जाण्याआधी उचलीतून सहा महिन्यांची बचत एकदम भरणं. ऐकायला बरी, पण त्या उचलीवरच मजुरी कापली जाते, त्यातून बचत काढणं म्हणजे एका खिशातून दुसऱ्या खिशात. दोन : एकाच भट्टीवर पाच-सहाजणी गेल्या असतील तर तिथेच बैठक घ्यायची, एका वहीत लिहायची आणि परत आल्यावर मूळ दप्तरात उतरवायची. हे जमतं, पण लिहिणारी एक तरी सोबत हवी. तीन : जाण्याआधीच्या बैठकीत रीतसर ठराव करायचा की अमुक महिने स्थलांतरामुळे बैठका बंद, बचत बंद, व्याज चालू की बंद, आणि पुन्हा कधी बसायचं. ठराव असेल तर वहीतली रिकामी पानं निष्काळजीपणाची दिसत नाहीत, तालुका कक्षात दाखवता येतात.

शिमग्याला सगळ्या जणी वाडीवर येतात, कितीही लांबच्या भट्टीवर असल्या तरी. आम्ही होळीच्या दुसऱ्या दिवशी सकाळची बैठक दिवाळीतच इतिवृत्तात लिहून ठेवतो. त्या दिवशी दप्तर आणि पेटी घेऊन झाडाखाली बसायचं, जी येईल तिची बचत घ्यायची, जिला मुकादमाच्या उचलीतून सुटायला हजार-दोन हजार लागतील तिची मागणी लिहून घ्यायची, आणि पुढची तारीख सांगून उठायचं. परत निघालेल्या गाड्या दुपारी सुटतात, म्हणून नऊच्या आत सुरू करा.